‘बफ मारून टाकू’ म्हणणाऱ्यांना

३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे हॉपर (वरून माल ओतायची निमुळती भांडी) आणि त्यांची बाहेरची कव्हर्स, असं काम होतं. ड्रॉइंगवर बाहेरून १८० ग्रिटची हेअरलाइन (१८० नंबरच्या घासकागदाने एकाच दिशेत काढलेल्या बारीक रेघा) आणि आतून, जिथे खाद्यपदार्थ घासून जाणार तिथे, आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.८ मायक्रॉन किंवा कमी, एवढंच लिहिलेलं. फॅब्रिकेशन झालं, फिनिशिंग माझ्या गळ्यात पडलं, आणि शॉपमधून पहिला सल्ला आला: ‘बफ मारून टाकू, चकाचक दिसेल.’ बफ म्हणजे फिरत्या कापडी चाकाने चमक आणणं.

चकाचक दिसलं असतंच. पण वेल्डच्या कडेला पिवळा, तपकिरी, निळा असा जो पट्टा उमटतो तो नुसता रंग नसतो. तापलेल्या पत्र्यावर ऑक्साइड जाड होतं आणि त्याला लागणारं क्रोमियम पत्र्यातूनच खेचलं जातं. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, तोही क्रोमियमच्या जोरावर. म्हणजे रंगाच्या खालचाच पत्रा सगळ्यात कमजोर. वरवर बफ मारला की रंग जातो, कमजोर पट्टा तसाच राहू शकतो.

म्हणून आतल्या बाजूला पिकलिंग पेस्ट, म्हणजे तो रंग आणि खालचा कमजोर थर खाऊन काढणारी ॲसिडची पेस्ट. यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, आणि हायड्रोफ्लोरिक हा फार कपटी प्रकार आहे. कातडीवर पडलं तरी कधीकधी लगेच जळजळत नाही, आत मात्र मुरत जातं. डब्याचं झाकण उघडण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी पाहिजे, हे मी हट्टाने पाळायला लावलं. पेस्ट ब्रशने वेल्डवर थापली, सुकू दिली नाही, मग भरपूर पाण्याने धुतली. पट्टा गेला आणि जागा पांढुरकी, मंद झाली. हे बघून नाक मुरडणारे होतेच. धुतल्यावर पीएच पेपर कोपऱ्यात टेकवला. उघड्या जागी ठीक, पण पॅच प्लेटच्या (वरून जोडलेल्या पत्र्याच्या तुकड्याच्या) फटीत लालसर, म्हणजे ॲसिड उरलेलं. तुटक टाक्यांच्या, म्हणजे सलग वेल्ड न केलेल्या, जोडात ॲसिड शिरलं की सहज निघत नाही. ती फट पुन्हा पुन्हा धुतली आणि पुढच्या हॉपरना तो जोड अखंड वेल्डने बंद करून मागितला.

त्यानंतर इलेक्ट्रोपॉलिश. फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिकच्या टाकीत जॉब ॲनोडला (धन ध्रुवाला) जोडतात. करंट उंचवटे आधी खातो, त्यामुळे पृष्ठभाग सपाट होत जातो. पण खोल ओरखडा तो झाकत नाही, उलट चकाकीत तो जास्तच उठून दिसतो. तेव्हा ग्राइंडिंग आधीच नीट हवं: बारीक ग्रिटवर जाताना दिशा आडवी बदलायची, म्हणजे मागच्या ग्रिटचे ओरखडे उरले का ते लगेच कळतं. आणि हॉपरसारख्या खोल भांड्यात करंट आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून कॅथोड (ऋण ध्रुव) आत सोडावा लागला. कोपऱ्यात रफनेस मीटर लावून बघितल्याशिवाय मी काही पास केलं नाही.

बाहेरची कव्हर्स तशी सोपी. वेल्ड घासून रंग पूर्ण काढला, हेअरलाइन एकाच दिशेने जुळवली आणि सायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेशन केलं, म्हणजे तो संरक्षक थर पुन्हा नीट बसू दिला. पिकलिंग इथे टाळलं, कारण हेअरलाइनच मारली असती. एक मात्र कडक ठेवलं: एमएसवर (माइल्ड स्टील, साध्या पोलादावर) वापरलेली फ्लॅप डिस्क (घासायची चकती) किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावायचा नाही, आणि शेजारी एमएसचं ग्राइंडिंगही नाही. उडालेले लोखंडाचे कण चिकटले की तेच गंजतात आणि बोल लागतो स्टेनलेसला.

पृष्ठभागावर मोकळं लोखंड उरलंय का ते दाखवणारी कॉपर सल्फेटची चाचणी फक्त नमुन्याच्या तुकड्यावर केली, खाद्यपदार्थ लागणाऱ्या जागी ती करत नाहीत. त्याऐवजी, लोखंड चिकटलं असेल तर गंज दिसावा म्हणून, हॉपर आलटून पालटून ओले करून सुकवले. एका हॉपरच्या उचलण्याच्या कानाजवळ तांबूस ठिपके आले: क्रेनची साखळी तिथे घासली होती. तेवढीच जागा पुन्हा पिकल केली आणि साखळीऐवजी नायलॉनचे पट्टे आणवले.