बल्लारशाहहून समुद्रकाठच्या ‘दक्षिणचित्र’ला: मुलांसह एक दिवस

वरोऱ्याजवळच्या आमच्या गावात मुलांनी आजवर पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे वर्धा नदीचा पूर. त्यामुळे तुरीची सोंगणी आटोपून जानेवारीच्या अखेरीस आम्ही चेन्नईला निघालो, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीला आणि सहा वर्षांच्या मुलाला ओढ होती ती समुद्राची. ‘दक्षिणचित्र’ या जुन्या घरांच्या संग्रहालयाचा आग्रह आम्हा दोघांचा. बल्लारशाहहून चेन्नईला थेट गाड्या आहेत आणि रात्रभराच्या प्रवासाने तेथे पोहोचता येते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र हा बेत आखू नये, कारण आपल्याकडे पाऊस उघडतो त्याच सुमारास ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे तिकडे पावसाचे मुख्य दिवस सुरू होतात, आणि हे संग्रहालय बरेचसे उघड्यावरच पाहायचे आहे.

‘दक्षिणचित्र’ चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर, मुट्टुकाड येथे बंगालच्या उपसागराच्या काठी आहे. तिरुवान्मियूरहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या बसने आम्ही गेलो. मंगळवारी ते बंद असते. १९९६ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र या प्रांतांतील जुनी घरे आहेत. त्यांतील अनेक घरे पाडली जाण्याच्या बेतात असताना विकत घेऊन, त्यांचे खांब, दारे आणि तुळया सुट्या करून, येथे आणून पुन्हा उभी केलेली आहेत. गावोगावची कवेलूची घरे उतरवून स्लॅब टाकले जात असताना हे पाहणे मला फार मोलाचे वाटले.

मुले सर्वाधिक रमली ती आंध्रच्या किनाऱ्यावरील गोल मातीच्या घरात. त्याचे शाकारलेले छप्पर इतके खाली उतरते की मलाही वाकूनच आत जावे लागले. चक्रीवादळाचा वारा अशा ठेंगण्या, गोल घराला अडून न बसता वळसा घालून जातो, हे मुलीला सांगितल्यावर तिने घराभोवती दोन फेऱ्या मारून ‘कोपरा कुठेच नाही’ याची खात्री करून घेतली.

कर्नाटकातील इलकलच्या विणकराचे घर पाहताना माझी पत्नी थबकली. इलकल म्हणजेच आपले इरकल. या लुगड्याच्या अंगाचा ताणा (मागावरचे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात आणि दोन्हींचे धागे फास घालून एकमेकांत गुंतवतात, हे तिने मुलांना समजावून सांगितले. आजीच्या अंगावरचे लुगडे या गावाचे आहे, हे मुलांना तोवर ठाऊकच नव्हते.

सगळी घरे एका दिवसात उरकण्याचा अट्टहास करू नये. आम्ही दुपारपर्यंत पाच घरे पाहिली आणि उरलेला वेळ कुंभाराच्या चाकापाशी घालवला. मुलांच्या दृष्टीने तेच योग्य ठरले. अशा हातकामांचे पैसे प्रवेशाखेरीज वेगळे द्यावे लागतात, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत. मुलाने केलेले बोळके कच्चेच असल्याने परतीच्या गाडीत फुटले आणि तो नागपूरच्या गाडीतल्या सहप्रवाशांसमोर रडला. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि जुने सुती कापड सोबत न्यावे, म्हणजे असे होणार नाही. चपला सहज काढता-घालता येतील अशा असाव्यात, टोप्या विसरू नयेत, आणि समुद्र संग्रहालयानंतर, उन्हे उतरल्यावर दाखवावा. आधी दाखवला तर मुले घरांकडे वळणार नाहीत. या किनाऱ्यावर लाटा पाय ओढून नेतात, म्हणून मुलांचा हात घोटाभर पाण्यातही सोडू नये.

घरी परतल्यावर मुलीने आजीला हाताशी धरून बसवले, तिच्या जुन्या इरकलीचा पदर उलटा केला आणि जोडाच्या त्या बारीक फासांवरून बोट फिरवत ते मोजायला सुरुवात केली.