गरम कॉम्प्रेसरचा ओहम

मे महिना, नागपूर, सीताबर्डीतलं साड्यांचं दुकान. लग्नसराई ऐन भरात, आणि 11 टनी डक्टेबल एसीचा दोन नंबरचा कॉम्प्रेसर रोज दुपारी अडीच-तीनला आडवा. आधीच्या माणसाने दोनदा गॅस भरला होता. तिसऱ्या वेळी ‘वाइंडिंग ओपन’, म्हणजे मोटरची आतली तार तुटली म्हणून कॉम्प्रेसरचं 52 हजारांचं कोटेशन देऊन गेला.

“काहून हो, मोटर जळली असंल तर संध्याकाळी चालते कशी?” शेठनी जिन्यातच विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता.

गच्चीवर आउटडोअरच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसरला लाइन देणारा स्विच) ओढलेला, खाली तिन्ही फेजला व्होल्टेज, पण करंट मोजणाऱ्या टोंग टेस्टरवर शून्य. मेन पाडून टर्मिनलवर ओहम बघितला, तर तिन्ही जोड्या ओपन. या स्क्रोल जातीच्या कॉम्प्रेसरमध्ये स्टार पॉइंटला, म्हणजे तिन्ही वाइंडिंग जुळतात तिथे, आतच ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच असतो. मोटर तापली की तो उघडतो आणि मीटरला वाइंडिंग तुटल्यासारखंच दिसतं. तो परत जुळायला तासभर, कधी जास्तही लागतो. तेवढा वेळ त्या उन्हात थांबतो कोण? शिकाऊ असताना मीही असाच एक धडधाकट कॉम्प्रेसर भंगारात घातलाय, त्यामुळे आधीच्याला फार नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

टर्मिनलचं झाकण घट्ट लावून बॉडीवर ओलं पोतं टाकलं आणि हेल्पर पोराला घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. सव्वा तासाने तिन्ही जोड्यांत अडीच-अडीच ओहम. मेगरवर इन्सुलेशनही चोख. म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत. त्याला तापवणारा दुसराच कोणीतरी.

चालू केला. 11, 11, 11 अँपिअर. वीस मिनिटं काहीच नाही. मग आर, वाय, बी यांतल्या बी फेजचा आकडा डुलायला लागला: 9, 7, पुन्हा 10. मीटरच्या दोन्ही पिना कॉन्टॅक्टरच्या एकाच फेजला वर-खाली लावल्या. आर आणि वायला जवळजवळ शून्य, बी ला 14 व्होल्ट! बघताबघता बी शून्यावर गेला, बाकीचे दोन 18 च्या वर. “पाड, पाड!” मी ओरडलो. मोटर तापायची ती ही अशी, दोनच फेजवर.

एखादी फेज गेली की मशीन पाडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर पॅनलमध्ये होता की. पण तो कॉन्टॅक्टरच्या अलीकडची लाइन बघतो. पलीकडे फेज गेली तर त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही.

कॉन्टॅक्टर उघडताना वाटलं, चिकटलेली पाल निघणार. नेहमीचंच आहे ते. नाही निघाली. बी च्या पॉइंटवरची चांदी उडून काळा खड्डा पडला होता, बाजूचं प्लास्टिक फुगलेलं. लोड नसताना तिथून पूर्ण व्होल्टेज दिसायचं, लोड आला आणि जागा तापली की तो हात वर करायचा.

नवा कॉन्टॅक्टर दोन हजारांच्या आत आला. पण पॉइंट एवढे खाल्ले कशाने, म्हणून वायरिंग मागे शोधत गेलो, तर पुन्हा चालू होण्याआधी 3 मिनिटं थांबवणारा डिले टाइमर कोणीतरी बायपास करून लाइन डायरेक्ट केलेली. थर्मोस्टॅट हलला की कॉन्टॅक्टर खटाखट. तो टाइमर त्या दिवशी बाजारात मिळाला नाही, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन बसवला.