मेल मिनिमाइझ, तरी प्रोसेसर गुंतलेला: थंडरबर्डचा इंडेक्स नव्याने बांधताना

आमच्या दिवाळी अंकाचा पत्रव्यवहार कितीतरी वर्षं थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये साठत आला आहे. लेखकांच्या कथा, मुद्रितशोधनाच्या पीडीएफ, जाहिरातदारांशी झालेली बोलणी, मुखपृष्ठांचे कच्चे आराखडे, सगळं तिथेच. खातं पॉप पद्धतीचं आहे. ते असं लावलेलं आहे की मेल एकदा उतरवली की ती या लॅपटॉपवरच राहते, सर्व्हरवर तिची प्रत उरत नाही. आज हयात नसलेल्या काही लेखकांची पत्रंही त्यात आहेत. त्यामुळे या प्रोग्रॅमला हात लावायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

यंदा अंकाचं काम ऐन रंगात असताना लॅपटॉपचा पंखा थांबेनासा झाला. थंडरबर्ड मिनिमाइझ करून ठेवलं, एकही मेल उघडली नाही, तरी टास्क मॅनेजरमध्ये त्याच्यापुढे प्रोसेसरच्या वापराचा २५ टक्क्यांच्या आसपासचा आकडा कायम. हा आकडा मला फार उपयोगी पडला. माझ्या प्रोसेसरला चार लॉजिकल कोअर आहेत, म्हणजे एकाच वेळी काम करू शकणारे चार भाग. त्यातला एक पूर्ण गुंतला की एकूण वापर साधारण २५ टक्के दिसतो. म्हणजे कुठलं तरी एकच काम एका कोअरला सोडत नव्हतं. मेल तपासायला जाताना जी उसळी येते ती क्षणात खाली बसते. हे तसलं नव्हतं.

अशा वेळी 'काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा' असं कोणीतरी सांगतंच. मला तो सल्ला पटत नाही. मेल, सेटिंग आणि इंडेक्स (मेलमध्ये शोध घेण्यासाठीची सूची) प्रोफाइल नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. प्रोग्रॅम नवा टाकला तरी तो तेच प्रोफाइल उचलतो आणि दुखणंही तसंच राहतं.

मग एकेक शक्यता वगळत गेले. 'वर्क ऑफलाइन' करून थंडरबर्डची सर्व्हरशी जोडणी तोडली. आकडा हलला नाही, म्हणजे सर्व्हरशी चाललेल्या बोलण्याचा हा भार नव्हता. हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूट मोड'मध्ये सुरू केलं. त्यात ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, बंद राहतात. तरी फरक नाही, म्हणजे ॲड-ऑनही सुटले. शेवटी टूल्समधला 'ॲक्टिव्हिटी मॅनेजर' उघडला. ही खिडकी फारशी कोणी उघडत नाही, पण थंडरबर्ड या घडीला काय करत आहे ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे इनबॉक्सचं इंडेक्सिंग चालू दिसलं आणि ते एकाच जागी अडकलं होतं. सेटिंगमधल्या 'जनरल' विभागात 'ग्लोबल सर्च अँड इंडेक्सर'ची खूण काढली, आणि थोड्याच वेळात आकडा शून्याजवळ आला.

खूण काढलेलीच ठेवली असती तर पंख्याचा प्रश्न मिटला असता. पण सगळ्या फोल्डरांत एकदम शोधण्याची ही सोय २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे आणि माझं अर्धं संपादन तिच्यावर चालतं. एखाद्या लेखकाने कथेतला बदल कोणत्या मेलमध्ये कळवला होता, हे एरवी कसं सापडायचं?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण भीती नेमकी इथेच असते. शोधाचा इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची. ती फाडली तरी पुस्तकातलं पान जात नाही. थंडरबर्डमध्ये ती 'ग्लोबल-मेसेजेस-डीबी.एसक्यूलाइट' या फाइलमध्ये असते. खरी मेल वेगळ्या फाइलींत असते. माझ्याकडे ती एमबॉक्स पद्धतीने आहे, म्हणजे एका फोल्डरची सगळी मेल एका लांबलचक फाइलीत. तिच्याशेजारी एमएसएफ या शेपटाची छोटी फाइल असते, ती त्या फोल्डरची यादी. सूची आणि यादी पुन्हा तयार होतात. एमबॉक्सची फाइल गेली तर मेलच गेली.

म्हणून आधी थंडरबर्ड पूर्ण बंद करून अख्खं प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. मग इनबॉक्स 'कॉम्पॅक्ट' केला. पुसलेली मेल या फाइलीतून लगेच जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते आणि कॉम्पॅक्ट केल्यावरच जागा मोकळी होते. फाइल बरीच आटली. त्यानंतर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'रिपेअर फोल्डर' केलं, म्हणजे यादी नव्याने बनली. पुन्हा प्रोग्रॅम बंद केला, इंडेक्सची जुनी फाइल पुसण्याऐवजी तिचं नाव बदललं, आणि मग इंडेक्सरची खूण परत लावून नव्या इंडेक्सला सुरुवात करून दिली.

यानंतर पंखा पुन्हा जोरात फिरतो. तिथे घाबरू नये. साठा मोठा असला की नवी सूची बांधायला तास लागतात. ॲक्टिव्हिटी मॅनेजरमधला आकडा पुढे सरकतो आहे ना, एवढं पाहावं. माझा सरकत होता. मी चार्जर लावून, झोपेची सेटिंग बंद करून लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी प्रोसेसर शांत होता आणि शोधही नीट चालत होता.

अधूनमधून थोडी उसळी मात्र राहिली, आणि ती थंडरबर्डची नव्हती. नवी मेल आली की इनबॉक्सची ती मोठी फाइल बदलते आणि अँटिव्हायरस ती पुन्हा तपासायला घेतो. पुष्कळ जण प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळायला सांगतात. माझ्याकडे अनोळखी पत्त्यांवरून रोज जोडपत्रं येतात, त्यामुळे मी ते केलं नाही. त्याऐवजी इनबॉक्सच लहान केला. प्रत्येक अंकाचा पत्रव्यवहार त्या त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये हलवला, इनबॉक्स पुन्हा कॉम्पॅक्ट केला, आणि जाहिरातींच्या व स्पॅमच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ग्लोबल सर्च'ची खूण काढून टाकली. आता नवी मेल छोट्या फाइलीत पडते, आणि जुन्या वर्षांच्या फाइली बदलतच नसल्यामुळे त्यांची परत परत तपासणी होत नाही.