कोटेश्वरच्या धक्क्यावर

नारायण सरोवर मागे पडलं की दोनच किलोमीटरांवर रस्ता संपतो. तिथे कोटेश्वर. उंचावर महादेवाचं देऊळ, खाली धक्का, सीमा सुरक्षा दलाची चौकी आणि समोर कोरी खाडी. मी पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी सरत होतं, राखाडी चिखल उघडा पडत होता, आणि तो इतका सपाट होता की जमीन कुठे सरते ते डोळ्यांना ठरवता येईना.

मी रत्नागिरीकडची. आमच्या खाड्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत अडकलेल्या, त्यामुळे भरती असो की ओहोटी, काठ आपल्या जागी असतो. इथे काठच नाही.

खरं तर मला ओढ होती ती सर क्रीकची, भारत-पाकिस्तानच्या हद्दीवरच्या वादातल्या खाडीची. ती इथून दिसत नाही. कोरीच्या पलीकडे, चिखल आणि खारफुटीच्या जाळ्यात ती आहे. लांबी सुमारे ९६ किलोमीटर, अलीकडे कच्छ, पलीकडे सिंध. जुनं नाव बाणगंगा. तिथवर जाणं माझ्यासारखीला शक्य नव्हतं, पण हा सगळा मुलूख सिंधूच्या गाळाचा. सर क्रीकचा स्वभाव कोरीच्या काठी बसून उमगतो.

दुपारी लखपतला गेले. सिंधूचा एक फाटा कोरीतून समुद्राला मिळायचा तेव्हाचं हे भरभराटीचं बंदर. दिवसाला लाखभर कोरी, म्हणजे कच्छचं नाणं, इथे जमा व्हायची म्हणून लखपत, असं सांगतात. १८१९च्या जूनमध्ये भूकंप झाला, उत्तरेला जमीन उचलली गेली आणि सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा उभा राहिला. लोकांनी त्याला अल्लाह बंद म्हटलं, माणसाने न बांधलेला बांध. नदी तुटली, बंदर ओस पडलं. तटावर चढले तर भिंत धडधाकट, आत बहुतेक पडीक घरं आणि बाहेर क्षितिजापर्यंत खारट पांढरी जमीन. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. एका भूकंपाने नदी फिरवली, अशा भूमीवर कायमची रेघ कशी आखणार, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

रेघ आखली ती मुंबईहून. कच्छ संस्थान आणि सिंध यांच्यात सर क्रीकच्या काठच्या सरपणावरून तंटा झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता (१९३६ साली वेगळा झाला), म्हणून १९१४ साली मुंबई सरकारने ठराव केला. सोबतच्या नकाशात खाडीच्या पूर्व काठाने हिरवी रेघ आहे. पाकिस्तान तिच्यावर बोट ठेवून सगळी खाडी आपली म्हणतो. भारताचं म्हणणं, हद्द पात्राच्या मधून जाते. १९२५च्या नकाशात ती तशीच दाखवली आहे. जलवाहतुकीच्या पात्रात हद्द मधोमध धरायची, हा जुना आंतरराष्ट्रीय नियम. त्यावर पाकिस्तान म्हणतो, ही खाडी वाहतुकीची नाहीच. भारत म्हणतो, भरतीला होड्या चालतात. मला हे पटतं. कच्छच्या रणाचा निवाडा १९६८ साली लवादाने दिला, पण ही खाडी त्यात नव्हती.

खाडीचं मुख कुणाचं यावर पुढच्या समुद्रातली हद्द अवलंबून, आणि तिथे मासळी भरपूर. पाण्यावर खूण नसते. होड्या पलीकडे जातात, खलाशी पकडले जातात, दोन्ही बाजूंचे. गुजरातच्या बोटींवर पालघर जिल्ह्यातली, डहाणू-तलासरीकडची पोरंही कामाला असतात. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या याद्यांची वाट आपल्याकडच्या घरांतूनही पाहिली जाते, हे मी कोटेश्वरला येईपर्यंत कधी मनावर घेतलं नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा धक्क्यावर आले. भरती चढत होती. सकाळी जिथे बगळे चालत होते तिथे आता होडी तरंगत होती, आणि खलाशी नांगर उचलत होते.