बोटीवरच्या संडासाची टाकी रिकामी होईना, तेव्हा

गेल्या जूनमध्ये आई अलिबागहून आमच्याकडे इंग्लंडला आली होती. साउदम्पटनजवळ हॅम्बल नदीत आमची ३४ फुटी शिडाची बोट असते. नवऱ्याने आणि मी सहा वर्षांपूर्वी ती जुनीच घेतली. आईला आम्ही तीन दिवसांसाठी आयल ऑफ वाइट बेटावरच्या न्यूटाउन क्रीकमध्ये नेलं. नांगर टाकला, भरतीचं पाणी चिखलाच्या कडांवर चढायला लागलं, तशी आई म्हणाली, "हे तर आपल्या रेवदंड्याच्या खाडीसारखंच गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं, तिच्या चहाचा कप तसाच गार झालाय. पाण्याची बाटलीही सकाळपासून भरलेलीच. विचारलं तर म्हणाली, "तुमची ती टाकी भरली तर पंचाईत होईल ना, म्हणून मी बेतानं पितेय."

रात्री आम्ही दोघं टाकीबद्दल बोलत होतो ते तिने ऐकलं होतं. सत्तरीतली बाई माझ्या बोटीवर तहान मारून बसली होती. दुपारीच नांगर उचलला आणि परत आलो. तो दिवस मला अजून सलतो.

ज्यांना बोटीची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. बोटीवरच्या संडासाला 'हेड्स' म्हणतात. हातपंपाने समुद्राचं पाणी भांड्यात ओढायचं आणि त्याच पंपाने मैला वर टाकीत ढकलायचा. आमची टाकी प्लॅस्टिकची, ५० लिटरची, बेसिनमागच्या कपाटात समुद्राच्या पातळीच्या वर बसवलेली. टाकीच्या तळातून ३८ मिलीमीटरची नळी सरळ खाली तळातल्या सी-कॉकपर्यंत जाते. सी-कॉक म्हणजे बोटीच्या तळाला असलेल्या भोकावरचा व्हॉल्व्ह. तो उघडला की टाकी आपल्या वजनाने समुद्रात रिकामी होते. मधे पंप नाही, मोटार नाही. टाकीला आणखी दोन वाटा असतात: हवेसाठी बारीक व्हेंटची नळी, आणि डेकवर झाकण असलेली एक जाड नळी. मरिनात, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदरात, सक्शन मशीन लावून टाकी उपसतात ती या जाड नळीतून.

जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणारा मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे; त्यातले मैल्याबद्दलचे मोठ्या जहाजांचे नियम छोट्या शिडाच्या बोटींना लागू होत नाहीत. तरी आम्ही किनाऱ्यापासून तीन मैल बाहेर गेल्याशिवाय टाकी उघडत नाही. न्यूटाउन क्रीक राखीव निसर्गक्षेत्र आहे, तिथे मुलं पोहतात. अशा ठिकाणी सी-कॉक उघडणं माझ्या हातून होणार नाही. म्हणूनच नीडल्सच्या, म्हणजे बेटाच्या पश्चिम टोकाच्या खडकांच्या, बाहेर गेल्यावर टाकी पूर्ण रिकामी होणं फार महत्त्वाचं. ती तशी होत नव्हती. दीड-दोन मिनिटांत संपायला हवं ते काम वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, आणि तरी तळाशी तिसरा हिस्सा उरायचाच. आईला घेऊन गेलो तेव्हा आम्ही आधीच अर्धी भरलेली टाकी घेऊन निघालो होतो.

पहिले दोन महिने मी बाटल्यांवर घालवले. मैला विरघळवणारं जिवाणूंचं औषध, मग दुसरं, मग तिसरं. कशाचाही उपयोग झाला नाही. गाळ घट्ट झाला असेल असं मी धरून चालले होते. आमची अडचण वेगळीच होती.

खरा धागा मिळाला मरिनात. डेकवरून सक्शन लावलं आणि पाचेक सेकंदांत खालून 'धप्प' असा आवाज आला. कपाट उघडून पाहिलं तर टाकीची भिंत तळहाताएवढी आत ओढली गेली होती. मशीन लगेच बंद केलं. शेजारच्या बोटीवर एक निवृत्त जहाज-इंजिनिअर राहतात, ते आवाजाने बाहेर आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हवा कुठून येते?" काचेच्या नळीचं वरचं टोक बोटाने दाबून धरलं की आतलं पाणी खाली पडत नाही, हे आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं असतं. व्हेंट बंद असेल तर टाकीचंही तसंच होतं. जितकं खाली जातं तितकी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की आत पोकळी तयार होते आणि धार अडते. सक्शनने तर टाकी फुटूही शकते.

त्यांनी सांगितलेली तपासणी इतकी सोपी आहे की जिची टाकी हळू उतरते त्या प्रत्येक बोटवालीने आधी तीच करावी. समुद्रात बाहेर असताना सी-कॉक उघडा आणि घड्याळ लावा. मग डेकवरचं झाकण उघडा. धार एकदम वाढली तर दोष व्हेंटमध्ये. काहीच फरक पडला नाही तर दोष खालच्या वाटेत. आमचे पंचवीस मिनिटांचे अकरा झाले. म्हणजे दोष दोन्हीकडे होता.

व्हेंटचं काम एका शनिवारात झालं. बोटीच्या कडेवरच्या तोंडावरची जाळी मीठ आणि वाळलेल्या मळाने बुजली होती. पण मुख्य कारण कपाटामागे होतं: १६ मिलीमीटरच्या नळीला मधे झोळ पडला होता आणि झोळात पाणी साचलेलं. बोट कलली असताना भरलेली टाकी व्हेंटमध्ये उसळते, ते पाणी तिथेच राहतं आणि बुचाचं काम करतं. २५ मिलीमीटरची नळी घेतली, ती सरळ चढती राहील अशी पट्ट्यांनी बांधली आणि जाळी काढूनच टाकली.

खालच्या वाटेचं काम कठीण. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो तसं पाणी अल्कधर्मी होतं आणि हे क्षार नळीच्या आतून थरावर थर बसायला लागतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरच्या कॉइलवर जो दगडासारखा पांढरा थर येतो, त्याचाच हा भाऊ.

बरेच जण यावर विटा धुण्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड ओततात. ते थर झटकन खातं हे खरं, पण सी-कॉकचा धातू आणि स्टीलच्या क्लिपाही खातं. शिवाय आमच्या टाकीत वासासाठी कधी ब्लीच पडलं होतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बोटीच्या एवढ्याशा संडासात तो जीव घेऊ शकतो. मी टाकी तीनदा साध्या पाण्याने भरून उपसली आणि मग लिंबूफूल वापरलं, म्हणजे ढोकळ्यात घालतो तेच सायट्रिक ॲसिड. १० लिटर कोमट पाण्यात एक किलो. उकळतं पाणी मुद्दाम घेतलं नाही, कारण गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ खाली बसतो आणि नवीच अडचण होते. सी-कॉक बंद ठेवून द्रावण रात्रभर टाकीत आणि नळीत मुरू दिलं. सकाळी मरिनात उपसलं, पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. पुढच्या फेरीत वेळ अकरावरून सातवर आली. चांगलं झालं, पण पुरेसं नाही. म्हणजे नळी खोलणं आलं.

बोट पाण्यात असताना ती नळी सोडवणं मला मान्य नव्हतं. सी-कॉकवर माझा भरवसा राहिला नव्हता, आणि पाण्याखाली अर्धा मीटर असलेलं ३८ मिलीमीटरचं भोक मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत घेतं. आमच्या प्रत्येक सी-कॉकला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधलेली असते. तरीही त्या खुंटीच्या भरवशावर मुद्दाम भोक उघडायचं नाही, असं मी ठरवलं.

त्यावरचा उपाय माझ्या लहानपणापासून ओळखीचा होता. कोळी लोक उधाणाच्या दिवसांत होडी काठावर घेतात आणि सुकती झाली की तळाचं काम उरकतात. हॅम्बलमध्येही काठाला त्यासाठी उंच खांब रोवलेले आहेत. सप्टेंबरच्या उधाणात, टाकी स्वच्छ धुऊन, आम्ही दुपारच्या भरतीला बोट खांबांना बांधली. या भागात भरती दोन वेळा चढल्यासारखी बराच वेळ थांबते, आणि मग ओहोटी झपाट्याने उतरते. साडेतीनला कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड कणा, टेकली, साडेचारला सी-कॉकचं तोंड उघडं पडलं. हातात जेमतेम सव्वादोन तास.

मी चिखलात उभी राहून टॉर्च वर धरला. आतून नवऱ्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्याचं सांगितलं. मला दिसलं ते भोक माझ्या अंगठ्याहूनही लहान होतं. कॅलिपर लावला: १५ मिलीमीटर. व्यास निम्म्याहून कमी म्हणजे वाट जेमतेम सहावा हिस्सा उरली होती. व्हॉल्व्हच्या गोळ्यावर क्षारांचं कडं बसलेलं, बाहेरच्या कडेला शंखशिंपले. हँडल पूर्ण फिरत होतं म्हणून आम्ही कधी शंकाच घेतली नाही. मला हायसं वाटलं, कारण आता कारण डोळ्यांना दिसत होतं.

टाकीची झडप उघडताना कुजक्या अंड्यांचा वास आला, तसे दोघं बाहेर येऊन पंधरा मिनिटं थांबलो. तो हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि जास्त झाला की नाकाला कळायचाच बंद होतो. वरची खिडकी, दार, सगळं उघडं ठेवलं, चष्मा आणि रबरी हातमोजे घातले. जुनी नळी करवतीने कापून काढली. तीही आतून दगडासारखी झालेली. अशा नळ्या आपटून थर पाडून परत वापरता येतात, पण आमच्या नळीतून वास झिरपत होता. ते ओळखायला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं नळीभोवती गुंडाळायचं, गार झालं की फडक्याचा वास घ्यायचा. सी-कॉकमधलं कडं बाहेरून लाकडी दांड्याने आणि बोथट छिन्नीने थोडं थोडं फोडलं, उरलेल्यावर लिंबूफुलाचं दाट द्रावण कापडाने धरून ठेवलं. नव्या नळीची टोकं गरम पाण्यात मऊ केली, भांड्यांच्या साबणावर सरकवली, प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा, त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. पावणेसातला पाणी तळाला लागलं. मी सी-कॉकपाशी गुडघ्यावर बसून कोरडा कागद जोडाभोवती फिरवत राहिले. कागद कोरडाच राहिला.

आता दर फ्लशला आम्ही पंप जास्त वेळा मारतो, म्हणजे नळीत लघवी साचून राहत नाही, आणि बोट सोडून घरी जाताना भांड्यात व्हिनेगर ओततो. ब्लीच बंद.

पुढच्याच रविवारी ओहोटीबरोबर नीडल्सच्या बाहेर गेलो. टाकी गच्च भरलेली होती. तीन मैल पुरे झाल्यावर, टाकीची बाजू वाऱ्याकडे वर राहील अशा बेताने बोट ठेवून मी सी-कॉक उघडला. नवऱ्याने घड्याळ धरलं. ७० सेकंदांनी टाकी एकदा गुडगुडली आणि रिकामी झाली. संध्याकाळी आईला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही थांबवलं नाही, आणि शेवटी विचारलं, "मग पुढच्या जूनचं तिकीट काढू?"