चौतिसाव्या शस्त्रक्रियेनंतर

गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करायला शिकणाऱ्या आमच्या फेलोची ती चौतिसावी केस होती. त्याच आठवड्यात, ही शस्त्रक्रिया त्याने स्वतंत्रपणे करण्यास हरकत नाही, अशा पत्रावर मी सही करणार होतो. ती सही अजून झालेली नाही, आणि का झालेली नाही हे मला स्वतःसाठीच नीट मांडून पाहायचे आहे.

या शस्त्रक्रियेत नुसती गाठ काढून भागत नाही. गुदाशय आणि त्याच्याभोवतीचे चरबीचे व लसिकाग्रंथींचे वेष्टण, म्हणजे मेसोरेक्टम, वरच्या तलम आवरणासकट अखंड बाहेर यावे लागते. इंग्लंडमधील बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी १९८२ साली हे ठामपणे मांडले. १९८६ मध्ये लीड्सच्या फिल क्वर्क यांनी काढलेल्या भागाचे आडवे काप तपासून दाखवले, की कर्करोग त्याच जागी परततो तो बहुतेकदा कडेला मागे राहून गेलेला असतो म्हणून. शल्यविशारदाचा हात कसा आहे हे त्या काढलेल्या भागावरच, म्हणजे स्पेसिमेनवरच, लिहिलेले असताना, त्याचे प्रावीण्य आपण घड्याळ लावून का मोजतो, हा माझा जुना सल आहे.

आमच्या विभागातही वेळच मोजली जात होती. प्रत्येक शस्त्रक्रियेला लागलेल्या वेळेतून त्या माणसाची स्वतःची सरासरी वजा करायची, उरलेल्या आकड्यांची बेरीज करत जायची आणि तिचा आलेख काढायचा. याला क्युसम म्हणतात. रेषा चढते, एका जागी वळते आणि उतरू लागते. ते वळण म्हणजे 'शिकून झाले', असे मानले जाते. परंतु सरासरी त्याच माणसाची असल्यामुळे या बेरजेचा शेवट शून्यावरच होतो, आणि सुरुवातीला हळू असलेला कोणीही पुढे वेगवान झाला की वळण येतेच. तो पूर्वीपेक्षा भराभर करतो, एवढेच त्यातून कळते. नॉर्वेत गुदद्वारातून मेसोरेक्टम काढण्याची नवी पद्धत २०१८ च्या अखेरीस थांबवावी लागली, ती जवळपास १५० रुग्णांपैकी १२ जणांत रोग त्याच जागी उलटल्यामुळे. तो धोका घड्याळावर दिसण्यासारखा नव्हता.

म्हणून मी आग्रहाने दुसरा आलेख सुरू केला होता. त्यात स्पेसिमेन अखंड नसेल, कर्करोगापासून कापलेल्या कडेपर्यंतचे अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल अथवा आतड्याचा जोड गळला असेल, तर अपयश. दहात एक अपयश चालेल असे धरले, तर प्रत्येक यशाला रेषा ०.१ ने उतरते आणि प्रत्येक अपयशाला ०.९ ने चढते. एक चूक भरून काढायला नऊ चांगल्या शस्त्रक्रिया लागतात. या आलेखातही फेलोची रेषा सुरेख उतरत होती, आणि मला तिचा अभिमान होता.

त्या दिवशीचे रुग्ण पन्नाशीतले गृहस्थ होते. अंगाने स्थूल, कटिर म्हणजे ओटीपोटाचा हाडांचा घेर अरुंद, गाठ खाली आणि मागच्या भिंतीवर, रेडिएशन होऊन गेलेले. मागची बाजू फेलोने फार छान सोडवली. दोन थरांमधली योग्य फट, म्हणजे प्लेन, सापडले की तिथली ऊती पिंजलेल्या कापसासारखी सुटते. ओढ बरोबर दिली तर हुकचे, म्हणजे विजेने कापणाऱ्या आकड्याचे, नुसते टोक लावावे लागते. पुढच्या बाजूला मात्र वीर्यकोश आणि प्रोस्टेट यांच्या मागे जागा बोटभरही नसते, आणि रेडिएशननंतर तिथली पटले एकमेकांना चिकटलेली असतात. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हाच रक्तस्राव थांबत नाही म्हणून शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून मला बोलावणे आले. मी परतलो तोवर पुढची बाजू सुटलेली होती आणि आतड्याला स्टेपलर लावायची तयारी चालली होती. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, "आज लवकर आटोपलं."

दुपारी मी ग्रॉसिंगच्या, म्हणजे काढलेला भाग तपासण्याच्या, खोलीत गेलो. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्पेसिमेन फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतात. हे काम त्यांच्याइतक्या निष्ठेने करणारे मी फार थोडे पाहिले आहेत. मागून ते गुळगुळीत आणि चकचकीत होते, दोन उंचवट्यांचे, जसे असायला हवे तसे. मॅडमनी ते पालथे केले आणि चिमट्याने उजवीकडच्या पुढच्या भागातले आवरण अलगद उचलले. तिथे रुपयाएवढा खळगा होता, मोजला तर ७ मिलिमीटर खोल. गुदाशयाचा स्नायू उघडा पडलेला दिसत नव्हता, म्हणून 'जवळपास पूर्ण' असा शेरा पडला. गाठ मागे असल्याने कडेचे अंतर सुरक्षित भरले, आणि रुग्णाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. आलेखावर मात्र ०.९ ची उडी पडली.

फेलोला बोलावून मी खळगा दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, पुरुषात इतक्या खाली, पुढच्या बाजूला मी आज पहिल्यांदाच एकटा होतो."

मला ते खरे वाटले नाही. त्या रात्री मी त्याच्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती लावून बसलो. पंचवीस केसेसची रेकॉर्डिंग शिल्लक होती. त्यांपैकी अकरा वेळा, ऐन पुढच्या बाजूला, हुक धरण्याची माझी पद्धत पडद्यावर ओळखू येत होती. उरलेल्या चौदांत बहुतेक स्त्रिया होत्या, नाहीतर गाठ वरची होती. शस्त्रक्रियेच्या नोंदीत मात्र सगळीकडे शल्यविशारद म्हणून तो आणि साहाय्यक म्हणून मी. त्याच्या सुरेख उतरत्या रेषेत माझा हात मिसळलेला होता.

१९९४ साली मार्क द लेव्हाल या लंडनच्या बालहृदयशल्यविशारदांनी आपल्याच अपयशांचा आलेख प्रसिद्ध केला. बिघाड दिसल्यावर ते दुसऱ्या केंद्रात जाऊन पुन्हा शिकून आले होते. त्यांच्या आलेखात हात कोणाचा, हा प्रश्न नव्हता. आमच्यासारख्या शिकवणाऱ्या विभागांत तो सतत असतो, आणि आम्ही तो नोंदवत नाही.

मग मी हुक हातात घेतले ती प्रत्येक केस अपयश धरून आलेख पुन्हा काढला. रेषा चढतच गेली. पण हेही न्याय्य वाटेना. त्या अकरांपैकी निदान चार ठिकाणी तो चुकत नव्हता, फक्त संथ होता. यादीत पुढची केस होती आणि माझा धीर सुटला. माझी घाई त्याच्या अपयशात कशी धरायची?

पस्तिसाव्या केसला, पुन्हा पुरुष आणि पुन्हा खालची गाठ, मी फक्त कॅमेरा धरला. पुढच्या बाजूलाच त्याला सत्तर मिनिटे लागली. दोनदा माझा हात पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. स्पेसिमेन अखंड आले, आणि वेळेच्या आलेखावर त्याची रेषा पुन्हा वर गेली.

आता आमच्या तक्त्यात एक नवा रकाना आहे: 'पुढची बाजू कोणी सोडवली'. जुन्या केसेससाठी तो मी चित्रफितींवरून भरतो आहे. पहिल्या नऊ केसेसची रेकॉर्डिंग पुसली गेली आहेत. त्या ओळी मी एकदा आठवणीने भरल्या आणि दुसऱ्या दिवशी खोडल्या. पत्र खणात आहे. छत्तिसावी केस गुरुवारी आहे.