कॅमलची खुर्ची अखेर विणून झाली

मी सॉपविथ कॅमल या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल करतोय. मागच्या नोंदीच्या वेळी त्याची बॉडी दोन फाकांत टेबलावर होती आणि आत रंगाचा फक्त पहिला हात दिला होता. काल खुर्ची आत बसली. सहा मिलिमीटरच्या या खुर्चीला नऊ दुपारी लागल्या, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

किट १:७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं. खऱ्या सॉपविथ कॅमलच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ८.५३ मीटर, माझ्या मॉडेलची जेमतेम ११८ मिलिमीटर. खुर्ची म्हणून किटात एक चपटी फळी आणि पाठीला एक तुकडा एवढंच होतं. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश विमानांत वैमानिक वेताच्या विणलेल्या खुर्चीत बसत, कारण वेत हलका आणि चिवट. हे माहीत असताना तो तुकडा चिकटवून पुढे जायला मन तयार होईना.

सामानाची ददात नव्हती. माझं दुकान मोटार वाइंडिंगचं, घाटंजी तालुक्यात. उन्हाळ्यात बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. शटर अर्धं ओढलं की टेबल माझं. स्टार्टरच्या जळक्या नो-व्होल्ट कॉइल भंगारात पडलेल्याच असतात. त्यातली ३६ गेजची तार, म्हणजे ०.१९ मिलिमीटर, उभ्या काड्यांना घेतली. विणायला जुन्या रिलेच्या कॉइलमधली ४२ गेजची, ०.१ मिलिमीटरची. काळी पडलेली तार मात्र घेऊ नका. तारेवरच्या एनॅमलच्या लेपाचे पापुद्रे सुटतात आणि त्यावर रंग धरत नाही. तांबूस चमक शिल्लक आहे तेवढीच उलगडायची.

जुन्या सिमकार्डाच्या प्लॅस्टिकची गोल चकती कापली, काठाला ०.३ च्या ड्रिलने भोकं पाडली आणि काड्या रोवल्या. घड्याळासारखे बारा भाग पाडायला सोपे, म्हणून बारा काड्या. पहिला फेरा आतून-बाहेरून छान गेला. दुसऱ्या फेऱ्यात तार पुन्हा त्याच काड्यांच्या बाहेरून आणि त्याच काड्यांच्या आतून जाऊ लागली. विणीऐवजी गुंडाळी होत होती. मला वाटलं, ताण कमी पडतोय. तीन खुर्च्या अशाच वाया गेल्या.

मग जाड तारेचा वाटीएवढा नमुना केला आणि आठवडी बाजारात घेऊन गेलो. तिथे कडुनिंबाखाली सुपं-टोपली घेऊन एक म्हातारे बुरूड बाबा बसतात. त्यांनी नमुना हातात घेतला, काड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काहून जमन बाप्पा थे? काड्या जोडीच्या हायेत ना. एक वाढव, नाई तं एक उपट. जोड आली का वीण पलटतच नाई."

विषम संख्या! एका तारेने गोल विणायचं तर काड्या विषमच हव्यात, तरच दर फेऱ्याला आतली तार बाहेर येते. आयुष्यभर टोपली वापरली, पण काड्या कधी मोजल्या नव्हत्या. त्यांच्याकडून एक सूप घेतलं, घरी आल्यावर त्याची वीण भिंगाखाली पाहिली आणि त्याच दुपारी तेरा काड्यांची चकती केली.

वर्तुळाचे तेरा भाग पाडायची युक्ती सांगतो. चकतीच्या काठाभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची आणि घेर संपतो तिथे कापायची. माझी साधारण १९ मिलिमीटर भरली. ती आलेखाच्या कागदावर तिरपी ठेवायची, एक टोक एका रेषेवर आणि दुसरं तिच्यापुढच्या तेराव्या रेषेवर. मधल्या रेषा जिथे पट्टीला छेदतात तिथे खुणा करायच्या आणि पट्टी परत गुंडाळायची. अंतरं अगदी सारखी येतात.

अकरा फेरे घेतले. दर फेरा सुईच्या टोकाने खाली दाबला. शेवटी पातळ इन्स्टंट ग्लूचा एक थेंब सुईवर घेऊन कडेला लावला की तो विणीत आपोआप झिरपतो. इथे एक खुर्ची कूलरपायी गेली. कूलरच्या दमट हवेत ग्लूची पांढरी पूड विणीवर बसली आणि निघेना. तेव्हापासून ग्लू लावताना कूलर बंद करतो आणि सुकेपर्यंत घाम गाळत बसतो. सुकल्यावर पुढची बाजू कात्रीने खाली उतरवली आणि काठाला दोन तारांचा पीळ बांधला. आधी फिकट पिवळा रंग, वर पातळ तपकिरी वॉश. तो विणीच्या खाचांत उतरला आणि तांब्याची तार वेतासारखी दिसू लागली. मी बराच वेळ नुसता बघत होतो.

इंजिनाचं काम भराभर झालं. कॅमलच्या क्लेर्जे इंजिनाला नऊ सिलिंडर, प्रत्येकाला पुढून दोन पुशरॉड, म्हणजे झडपा उघडणारे दांडे. किटात ते नव्हतेच, म्हणून ३६ गेजच्याच अठरा काड्या लावल्या. हे रोटरी इंजिन, म्हणजे पंख्याबरोबर सिलिंडरही फिरतात आणि वंगणाचं एरंडेल परत न येता बाहेर फेकलं जातं. आपल्या बांधावरच्या एरंडीचंच हे तेल. ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही म्हणून वापरत. विमानाच्या पोटाखाली त्याचे चकचकीत तपकिरी ओघळ द्यायचे आहेत. मॅट वार्निशनंतर ग्लॉसमध्ये दिले तरच ते तेल वाटतं.

हे मॉडेल मी पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक यांच्या आठवणीसाठी करतोय. रॉयल फ्लाइंग कोअर या तेव्हाच्या ब्रिटिश हवाई दलाच्या २८ स्क्वॉड्रनमध्ये ते कॅमल उडवत. पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट त्यांनी खास करून घेतलं होतं. २६ ऑक्टोबर १९१७ ला हवेतल्या झुंजीत पायात गोळी लागूनही ते वाचले. पगडीवरच्या हेल्मेटसह वैमानिक करायची फार इच्छा होती, पण तो बसवला की खुर्ची पूर्ण झाकली जाते. दोन दिवस विचार करून वैमानिक न बसवायचं ठरवलं. हेल्मेट तेवढं खुर्चीत ठेवणार आहे, एपॉक्सी पुट्टीचं, तीन मिलिमीटरचं.

आता पंखांमधल्या तारा. उड्डाणात पंख वर ओढले जातात तेव्हा ताण झेलणाऱ्या तारा वेगळ्या, जमिनीवर पंखांचं वजन पेलणाऱ्या वेगळ्या. खऱ्या तारा गोल नसून चपट्या होत्या. ४२ गेजची तार एका टोकाला पक्कडीत धरून हलकेच ओढली की सरळ आणि ताठ होते. मग काचेवर ठेवून स्टीलच्या पट्टीखाली लाटली की चपटी. आठ लाटल्या, त्यातल्या पाच वापरण्याजोग्या निघाल्या. भोकं दोन्ही पंखांना पाडून झाली आहेत. वरचा पंख मात्र हेल्मेट बसल्याशिवाय लावणार नाही.